पगार चालू आहे, तरी घर का चालत नाही? कल्याणच्या पुढची गरिबी

उल्हासकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बदलापूर पूर्वेला आमचा बायकांचा एक छोटा गट आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही वस्तीतल्या लोकांचे फॉर्म भरून देतो. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आरटीईचा (खासगी शाळेतल्या मोफत राखीव जागेचा) प्रवेश, शिष्यवृत्ती, ज्याला जे लागेल ते. हे करताना एकच गोष्ट सारखी समोर येतेय, म्हणून धागा काढला.

एका घराचा हिशोब मांडते. नाव नको, पण अशी घरं आमच्या प्रत्येक गल्लीत आहेत. नवरा दादरला एका दुकानात कामाला. हातात सतरा-अठरा हजार येतात. बायको घरी इमिटेशनच्या माळा ओवते. पैसे ग्रोसवर, म्हणजे १४४ नगांवर. मोसमात महिन्याला दीड-दोन हजार सुटतात, एरवी तेवढेही नाहीत. दोन मुलं आणि सासू. वन आरकेचं भाडं साडेपाच हजार, वर लाइट बिल. मुलांची फी आणि व्हॅन, सासूची बीपी-शुगरची औषधं, नवऱ्याचा पास, घरापासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, गॅस. गावाकडे हजारभर रुपये पाठवावेच लागतात. किराणा वहीवर. दहा तारखेला वही मिटते आणि वीस तारखेपासून पुन्हा सुरू होते.

हे घर सरकारदरबारी गरीब नाही. शहरात प्राधान्य यादीतलं धान्य मिळायचं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत असावं लागतं. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. ग्रामीण भागात ही मर्यादा ४४ हजार. आमच्या पुढची वांगणी आणि नेरळ ग्रामपंचायतीत मोडतात. तिथला माणूस त्याच लोकलने त्याच दुकानात कामाला जातो, पगारही तोच, पण त्याला माप ४४ हजारांचं.

गरीब म्हणजे बेकार असं आपण धरून चालतो. आमच्याकडे पूर्ण बेकार माणूस शोधून काढावा लागेल. प्रत्येक जण काही ना काही करतोय. आजारपण येईपर्यंत गाडी चालते. मग आधी मंगळसूत्र गोल्ड लोनला जातं, त्यानंतर बिशी मोडते, शेवटी मुलगा बारावीनंतर शिक्षण सोडून डिलिव्हरीच्या बाइकवर बसतो.

नालासोपारा, टिटवाळा, भिवंडी, पनवेलकडचे लोक इथे आहेत. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते लिहा. आणि माझा मुख्य प्रश्न असा, की अशा घराला गरीब म्हणायचं की नाही, आणि म्हणायचं तर कोणत्या मापाने?

लोकलवाली

ताई, हिशोबात वेळ धरला नाहीत. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. माझं ऑफिस फोर्टला. घरातून निघाल्यापासून टेबलाशी बसेपर्यंत सव्वादोन तास, आणि परत तेवढेच. नऊ तासांच्या नोकरीसाठी रोज साडेतेरा तास. या चार-साडेचार तासांचे पैसे कुणीच देत नाही, पण त्यांची किंमत घर मोजतं. पोळ्या विकत आणाव्या लागतात, मुलांना पाळणाघर लागतं, शिकवणी लावावी लागते, कारण अभ्यास घ्यायला आई घरी नसते.

आमच्या डब्यातल्या कितीतरी जणींनी पहिलं मूल झाल्यावर नोकरी सोडली. काम येत नव्हतं म्हणून नाही. बारा-पंधरा हजारांतून पाळणाघर, रिक्षा, पास वजा केला की हातात तीन-चार हजार उरत, आणि तेवढ्यासाठी पोरगं चौदा तास परक्या घरी. आज त्याच बायका घरी बसून पॅकिंग करतात किंवा धागे कापतात. शिकलेल्या आहेत, काही टॅली येणाऱ्या आहेत. बदलापूर-अंबरनाथमध्ये चार ऑफिसं असती तर यांना अशी कामं करावी लागली नसती.

ऑगस्ट २०२२मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी गाड्या आल्या तेव्हा कळवा-बदलापूरला लोक रुळांवर उतरले होते, आठवतंय ना? टीव्हीवर त्याला प्रवाशांचा संताप म्हणाले. मला तो पगाराचाच प्रश्न वाटला. साधी गाडी गेली की पुढच्या गाडीत चढता येत नाही, उशीर होतो, आणि तीन लेटमार्कला अर्धा दिवस कापला जातो.

सडेतोड

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. माझं अंबरनाथला छोटं दुकान आहे. कामाला माणूस मिळत नाही. मिळाला तर महिनाभर टिकत नाही. लग्नाला कर्ज काढतात, हप्त्यावर मोबाइल घेतात, बारशाला हॉल बुक करतात. आता लाडकी बहीणचे १५०० येतात, तेही खर्चात. सगळंच व्यवस्थेवर ढकलू नये. आमच्या वडिलांनी डोंबिवलीच्या चाळीत एका पगारावर पाच मुलं शिकवली.

उल्हासकाठ

सडेतोड, तुमच्या वडिलांची नोकरी कोणती होती ते सांगाल का? मोबाइलबद्दल एवढंच म्हणते की डिलिव्हरीचं काम, रंगकामाची ऑर्डर, शाळेचा अभ्यास आणि रेशनचा ओटीपी, सगळं त्या मोबाइलवरच येतं. तो नसला तर कामच नाही.

१५०० रुपये जुलै २०२४पासून मिळतायत आणि आमच्याकडच्या बायकांना त्याचा खरोखर आधार आहे. त्यातून गॅसचं सिलिंडर येतं, मुलीची वह्या-पुस्तकं येतात. पण बघा, त्या योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, आरटीईची एक लाख आणि धान्याची ५९ हजार. तीन खिडक्या, तीन मापं. त्याच घराला एका खिडकीवर गरजू ठरवतात आणि दुसरीवरून परत पाठवतात.

सडेतोड

वडील कंपनीत होते. फिटर. पीएफ, ग्रॅच्युइटी, सबसिडीचं कँटीन, दिवाळीला बोनस, आजारपणात विमा हॉस्पिटल. ते होतं हे मान्य. तरी काटकसर हा गुण होता आणि तो आता दिसत नाही, हे माझं मत कायम आहे.

शहाडकर

सडेतोड यांनी जी यादी दिली तिच्यावरच लिहितो. मी कल्याण-अंबरनाथ पट्ट्यात २६ वर्षे कंपनीत होतो. कंपनीचे नाव देत नाही.

हा पट्टा आज झोपायच्या गावांचा वाटतो, पण तो कारखान्यांचा होता. अंबरनाथला विम्कोची काडेपेटी आणि धरमसी मोरारजी केमिकल. डोंबिवलीत प्रीमियरचा मोटार कारखाना. मोहन्याला एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन. ठाण्यात वागळे इस्टेट, रेमंड, पोखरण रोडच्या कंपन्या. सकाळी भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची. माणूस कामावर चालत जायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी यायचा. शहाडची सेंच्युरी रेयॉन अजून चालू आहे, बाकीची यादी बघा काय झाली ती. एनआरसी २००९मध्ये बंद पडली आणि कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षे भांडत राहिले. रेमंडच्या ठाण्याच्या जागेवर टॉवर उभे राहिले.

त्याआधी १८ जानेवारी १९८२चा गिरणी संप. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मोडला, पुढे गिरण्याही गेल्या. परळ-लालबागची खोली विकून किंवा भाड्याने देऊन कितीतरी घरे डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपाऱ्याला आली. इथे आल्यावर त्यांना इकडच्या कंपन्यांत काम मिळाले असते, पण त्याच काळात त्या कंपन्यांतही कायम भरती थांबली. जो फिटर निवृत्त होई त्याच्या जागी कंत्राटदाराचा माणूस येई. यंत्र तेच, काम तेच, पगार निम्म्याहून कमी, आणि अकरा महिन्यांनी नवे नाव.

आता पेन्शनचे. आमची कंपनी २००९मध्ये बंद झाली. ईपीएस ९५ची, म्हणजे पीएफबरोबरच्या १९९५च्या योजनेची, पेन्शन म्हणजे पगार गुणिले नोकरीची वर्षे भागिले ७०. पण पगार खरा धरत नाहीत, त्याला कमाल मर्यादा आहे, आणि त्या वेळी ती ६,५०० होती. वर्षेही १९९५पासूनची. ६,५०० गुणिले १४ भागिले ७० केले तर १,३०० येतात. आधीच्या नोकरीची थोडी भर पडते. माझ्याबरोबरचे काही जण १,००० रुपये या किमान पेन्शनवर आहेत, जी सप्टेंबर २०१४मध्ये ठरली. एवढ्या पैशात महिन्याची औषधे येत नाहीत. म्हणून पासष्टी उलटलेली माणसे इमारतींच्या गेटवर वॉचमन म्हणून बारा-बारा तास बसतात. आमच्या कॉलनीच्या गेटवर जो बसतो तो टर्नर होता.

दिवाभरारी

शहाडकर काका, +१. माझे आजोबा गिरणीत, बाबा कंपनीत कायम, मी कंत्राटी. तीन पिढ्यांत शिक्षण वाढत गेलं आणि नोकरीची खात्री कमी होत गेली.

आकडेमोड

उल्हासकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, माप कोणतं.

आधी रोजगार. आवर्तक श्रमबल सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, चालू साप्ताहिक स्थितीचा नियम असा आहे की मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी तासभर जरी काम केलं असेल तर तो माणूस त्या आठवड्यापुरता रोजगारात. नाक्यावर उभा राहून आठवड्यात एकच दिवस काम मिळालेला गवंडी बेरोजगार धरला जात नाही. हा नियम आपल्याच देशाने काढलेला नाही, जगभर असाच मोजतात. पण बेरोजगारीचा दर कमी आला की लोक त्याचा अर्थ ‘लोकांचं बरं चाललंय’ असा लावतात, तो अर्थ त्या आकड्यात मुळात नाही.

जनगणनेत वर्षाला सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, त्याहून कमी तर सीमान्त कामगार. माळा ओवणारी बाई कुठे बसते हे बरंचसं विचारणाऱ्यावर अवलंबून असतं. ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं तर ती ‘घरीच असते’ म्हणेल आणि गृहिणी म्हणून नोंदली जाईल. ‘घरी बसून पैसे मिळतील असं काही करता का?’ असं विचारलं तर कामगार.

आता गरिबी. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२साठी महाराष्ट्राच्या शहरी भागाची रेषा होती माणशी महिन्याला १,१२६ रुपये. पाच माणसांच्या घराला ५,६३०. त्या रेषेने राज्याच्या शहरांत ९ टक्क्यांच्या आसपास लोक गरीब होते. पुढे रंगराजन समितीने देशाची शहरी रेषा १,४०७पर्यंत नेली, पण ती सरकारने स्वीकारली नाही. त्यानंतर देशाला नवी अधिकृत रेषा मिळालेलीच नाही.

२०२३-२४च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात शहरी भारताचा सरासरी दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये आला. धाग्यातल्या घरात पाच माणसं आणि वीस हजार, म्हणजे दरडोई चार हजार. २०११-१२च्या रेषेत महागाई मिळवली तरी हे घर रेषेच्या वरच राहील. पण शहरी सरासरीच्या ते पुष्कळ खाली आहे, आणि त्यातलं पाव उत्पन्न भाड्यात जातं. रेषेच्या वर आणि सरासरीच्या खाली जी मोठी वस्ती आहे तिच्यासाठी आपल्याकडे सरकारी शब्द नाही, योजनाही जवळपास नाही.

माझं मत असं, की भाडं, प्रवास, औषधं आणि फी वजा जाता माणशी काय उरतं ते मोजावं, आणि पगार थांबला तर घर किती आठवडे तग धरेल तेही विचारावं. दुसरा प्रश्न मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो.

गाळेवाला

मी वसई पूर्वेला, वालीव भागात प्लॅस्टिक मोल्डिंगचा गाळा चालवतो. मालक म्हणजे खलनायक असं होऊ नये म्हणून लिहितोय.

आमच्याकडे गाळ्यांची वस्ती प्रचंड आहे. गोखिवरे, सातिवली, वालीव, नवघर. बॅगा, स्टेशनरी, खेळणी, डाय, पॅकेजिंग, काय वाट्टेल ते बनतं. म्हणजे उपनगरात काम नाही असं नाही. काम आहे, पण ते अशा गाळ्यांत आहे जिथे मालकाच्याच हातात फार काही उरत नाही. माल देऊन पैसे यायला तीन-चार महिने लागतात. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर घेणाऱ्याला त्या वर्षी ती रक्कम आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, असा नियम २०२४पासून आलाय. नियम आमच्याच भल्याचा. पण मला एका मोठ्या गिऱ्हाइकाने सरळ सांगितलं की लघुउद्योगाची नोंदणी काढून टाक, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो.

वीस माणसं झाली की पीएफ लागतो, दहा झाली की ईएसआय, म्हणजे कामगार विमा. त्यामुळे आमच्या इस्टेटमध्ये एकाच शेडमध्ये दोन नावांच्या कंपन्या सर्रास दिसतात. मी तसं करत नाही. माझ्याकडच्या सगळ्यांचा ईएसआय भरतो, कारण डाय हातावर पडल्यावर काय होतं ते मी बघितलंय. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या माणसाचे पाऊण टक्का कापून जातात, मालकाचे सव्वातीन टक्के. एवढ्यात घरातल्या सगळ्यांचे उपचार होतात, कामावर अपघात झाला तर भरपाई मिळते. आणि तरीही कामगारच म्हणतात, ‘शेठ, कापू नका, हातात द्या.’ कारण त्यांना या महिन्याचं भाडं भरायचंय.

सोपारा_पूर्व

गाळेवाला, ईएसआय भरता याबद्दल आभार. माझा नवरा अशाच एका गाळ्यात होता. बोट गेलं. तिथे हजेरीच्या वहीशिवाय कागद नव्हता. दवाखान्याचे पैसे दिले आणि महिनाभराने दुसरा माणूस घेतला.

मला घराबद्दल लिहायचंय. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीच्या बाजूच्या ४१ अनधिकृत इमारती नोव्हेंबर २०२४पासून पाडल्या, बातम्या तुम्ही वाचल्या असतील. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं बेघर झाली. आमचे नातेवाईक त्यात होते. त्यांनी गावची जमीन विकून आणि फायनान्स कंपनीचं कर्ज काढून घर घेतलं होतं. बिल्डरने कागद दाखवले, लाइटचं मीटर होतं, घरपट्टीची पावती येत होती. कोर्टाने सांगितलं की भूखंड सांडपाणी प्रकल्पाचा आणि कचऱ्याचा. आता घर नाही आणि हप्ता चालू आहे.

त्यांची नोकरी एका दिवसासाठीही गेली नव्हती. पगार तोच. पण एका आठवड्यात आयुष्याची सगळी जमा गेली आणि वर भाड्याचं घर शोधायचं, डिपॉझिट, दलाली. हे कुठल्या रेषेत मोजणार? आमच्यासारख्यांना कायदेशीर घर परवडेल असं कुठे मिळतं ते सांगा. पगाराची स्लिप नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. बँक नाही म्हणून फायनान्स कंपनी, आणि ती ज्या इमारतीवर कर्ज देते ती अशीच.

लोकलवाली

सोपारा_पूर्व ताई, वाचून गलबलून आलं. कल्याण-डोंबिवलीतही खोट्या कागदांवर रेराची, म्हणजे बिल्डरांवरच्या सरकारी नियामकाची, नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचा हाच प्रश्न आहे. तिथे तर लोकांनी रेराचा नंबर बघून घरं घेतली होती.

चाकणकर

मुंबईपुरतं नाही हे. भोसरी, चाकण, रांजणगाव फिरून बघा. आयटीआय झालेला मुलगा, मोठ्या गाडीच्या कंपनीच्या लाइनवर उभा, पण कंपनीचा नाही, ठेकेदाराचा. एका खोलीत सहा जण, दोन पाळ्यांत आलटून पालटून झोपतात. मराठवाडा-विदर्भातून आलेली पोरं आहेत. सुट्टीला गावी गेली की नोकरी गेली.

वांगणीचा

वांगणीचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्याकडे दृष्टिहीन लोकांची मोठी वस्ती आहे. घरं स्वस्त आणि स्टेशन जवळ म्हणून ती मंडळी इथे आली. बहुतेक जण लोकलमध्ये पिना, कव्हरं, चाव्यांच्या रिंगा विकून जगतात. २३ मार्च २०२०ला लोकल बंद झाली आणि त्यांचं दुकान, बाजारपेठ, रस्ता सगळं एका दिवसात बंद झालं. सर्वसामान्यांना गाडीत पुन्हा चढायला मिळालं १ फेब्रुवारी २०२१ला, तेही ठरावीक वेळात. मग दुसऱ्या लाटेत परत बंद, ते थेट १५ ऑगस्टपर्यंत. गावातल्या तरुणांनी आणि संस्थांनी धान्य पोचवलं म्हणून ती घरं तगली. अजून कितीतरी जणांचं कर्ज फिटलेलं नाही.

आकडेमोड यांनी ‘किती आठवडे तग धरेल’ म्हटलं. आमच्या वांगणीत ते त्या वेळी दिसलं. दोन आठवडे. त्यानंतर भांडी विकायला काढली होती लोकांनी.

सडेतोड

वांगणीचं मी बघितलंय, मीही तेव्हा किट वाटली होती. प्रश्न असा, की मर्यादा ५९ हजारांवरून दीड-दोन लाख केली तर प्रश्न सुटेल का? आज केशरी कार्डवाले सगळेच आत येतील, मग खरा गरीब मागे पडेल.

आकडेमोड

रास्त शंका आहे. नुसती मर्यादा वाढवून भागणार नाही, कारण खरी अडचण इष्टांकाची, म्हणजे लाभार्थ्यांच्या ठरवून दिलेल्या संख्येची आहे. अन्न सुरक्षा कायदा २०१३चा, राज्यात १ फेब्रुवारी २०१४पासून लागू झाला. महाराष्ट्राला साधारण ७ कोटी लाभार्थ्यांचा कोटा मिळाला, ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के. ही टक्केवारी लावलीय ती २०११च्या जनगणनेला. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आकडा तिथेच थांबला.

आता बदलापूर बघा. २००१ला ९८ हजारांच्या घरात, २०११ला १ लाख ७४ हजार. त्यानंतर स्टेशनच्या दोन्ही बाजूंना किती इमारती उठल्या ते तिथल्यांनी सांगावं. वसई-विरार २०११ला सव्वाबारा लाखांच्या आसपास होतं, आज कितीतरी पुढे गेलंय. दक्षिण मुंबईतली लोकसंख्या घटतेय आणि बाहेरची उपनगरं फुगतायत. वाढ जिथे झाली तिथेच जुना आकडा सर्वांत तोकडा पडतो. म्हणून तुमच्याकडे ५९ हजारांच्या आतला, खरोखर पात्र असलेला माणूसही रेशनिंग ऑफिसात गेला तर ‘इष्टांक संपला’ हे उत्तर मिळतं.

पुढची जनगणना २०२७ची जाहीर झालीय. तिच्यावरून नवा इष्टांक ठरायला आणखी किती वर्षं जातील याची मला चिंता वाटते.

उल्हासकाठ

आकडेमोड, खूप आभार. ‘इष्टांक संपला’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय, पण त्यामागे २०११ आहे हे आमच्यातल्या अनेकींना माहीत नव्हतं. बायका समजतात की साहेबाने आपल्याला मुद्दाम परत पाठवलं.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. पाच हजारांत घर चालत नाही हे फॉर्म भरणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असतं. तरी माणसाला स्वयंघोषणापत्रावर ते लिहावं लागतं. दिवसभर प्रामाणिकपणे राबणाऱ्या बाईला धान्यासाठी खोटं लिहायला लावायचं, हे मला सहन होत नाही. एक आजी मला म्हणाल्या, ‘बाई, खरं लिही, नाही मिळालं तर नाही.’ आम्ही खरं लिहिलं. नाही मिळालं.

सडेतोड, तुमच्या शंकेवर माझं उत्तर असं. भाड्याच्या घरात राहणारे, ज्यांच्याकडे पीएफ-ईएसआय काही नाही, आणि ज्या घरात आजारी किंवा अपंग माणूस आहे, अशांना आधी घ्या. हे तपासता येतं. भाडेकरार असतो, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) आहे की नाही हे कळतं.

घरकामवाली_ताई

मी धुणीभांडी करते, मुलीकडून लिहून घेते. डोंबिवलीत चार घरं. सुट्टी महिन्याला दोन, तिसरीला पैसे कापतात. घरेलू कामगारांचं मंडळ २००८च्या कायद्याने आलं असं युनियनच्या बाईंनी सांगितलं, माझी नोंदणी झालीय. ५५ वर्षं झालेल्यांना १० हजार सन्मानधन मिळालं होतं. माझ्या जावेला मिळालं, ती बरोबर वयात होती.

मला विचारायचं होतं की चार घरांचा पगार उत्पन्नात धरायचा का? कुणीच लिहून देत नाही.

उल्हासकाठ

ताई, धरायचा. लिहून दिलं नाही तरी स्वयंघोषणापत्रात तुम्ही लिहू शकता. मंडळाची नोंदणी दरवर्षी चालू ठेवा, मुलीला सांगा पावती जपून ठेवायला.

शहाडकर

वॉचमनच्या कामावर असलेल्यांसाठी एक माहिती. महाराष्ट्रात १९८१चा खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा आहे आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ आहे. मंडळात नोंद असलेल्या रक्षकाला ठरलेला पगार, पीएफ, बोनस, रजेचे पैसे मिळतात. आपल्या सोसायट्या मात्र स्वस्त पडते म्हणून एजन्सीचा माणूस घेतात. इथे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण सोसायटीच्या कमिटीत असतील. पुढच्या सभेत निदान एवढे विचारा की आपल्या गेटवरच्या माणसाचा पीएफ कोण भरते आणि त्याच्या हातात किती पडतात. एजन्सीला आपण देतो तो आकडा आणि त्याला मिळतो तो आकडा शेजारी शेजारी ठेवा. आमच्या सोसायटीत हे विचारल्यावर एजन्सीने तीन महिन्यांत ईएसआयचे कार्ड काढून दिले.

लोकलवाली

काका, आमच्या सभेत विचारते. बिल मेंटेनन्समध्येच जातं, म्हणजे कागद मागायचा हक्क आहे.

उल्हासकाठ

रेशनचं पुढे काय करतोय ते सांगते. अर्ज परत आला तर आता तोंडी उत्तर घेऊन यायचं नाही असं ठरवलंय. नाकारल्याचं कारण लेखी मागायचं, ‘इष्टांक शिल्लक नाही’ असं असेल तर तसं लिहून द्या म्हणायचं आणि आपल्या अर्जाची पोचपावती जपायची. सगळ्या पोचपावत्या एकत्र करून किती पात्र घरं बाहेर आहेत त्याची यादी आमदारांना आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला देणार आहोत. टिटवाळा आणि नालासोपाऱ्याकडून कुणी अशीच यादी करणार असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, फॉर्मचा नमुना देते.

आकडेमोड

लेखी कारण मागणं उत्तम. त्याच कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याची तरतूद आहे आणि त्यावर राज्य अन्न आयोग. पोचपावती असेल तर तिथे जाता येतं, तोंडी नकारावर नाही. आणखी एक, यादीत मयत आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं राहिलेली असतात. ती कमी झाली की तेवढीच जागा मोकळी होते. ई-केवायसीनंतर तुमच्या दुकानात किती नावं वगळली आणि त्या जागी किती नवी घेतली, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

वांगणीचा

आमच्याकडची यादी मी करतो. दृष्टिहीन घरांच्या अंगठ्यांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत ही वेगळी तक्रार आहे, तीही त्यात घालू का?

उल्हासकाठ

घाला. वेगळा रकाना करा आणि कोणत्या महिन्यात धान्य न घेता परत जावं लागलं तेही लिहा.